दहावीची परीक्षा झाली. कराडमध्ये सुट्टीत काम कुठं मिळेल?

मलकापूरची:
नमस्कार. मी मलकापूरला राहते, कराडला लागूनच. मार्चमध्ये दहावीची परीक्षा संपली. वय साडेपंधरा. निकाल लागून अकरावीचा प्रवेश होईपर्यंत घरीच आहे. एमएस-सीआयटी करायचं आहे. सेंटरवर पाच हजारांच्या आसपास फी सांगितली. दादाचा डिप्लोमा चालू आहे, त्यामुळे पप्पांकडे मागावंसं वाटत नाही. ते नाही म्हणणार नाहीत, पण मला माझे पैसे मी मिळवून बघायचे आहेत.

आतापर्यंत एका मोबाइलच्या दुकानात विचारलं. ते म्हणाले, अठरा झाले की ये. एका साडीच्या दुकानातल्या मालकांनी तर हातच जोडले, "बाई, बालमजुरीची केस होईल आमच्यावर." मैत्रिणीने व्हॉट्सॲपवर एक मेसेज पाठवला होता. घरबसल्या पेन्सिल पॅकिंग, महिना तीस हजार, सोबत एका बाईचा पेन्सिली भरतानाचा फोटो. नंबरवर विचारलं तर आधी ओळखपत्राचे साडेसहाशे रुपये भरा म्हणाले. मम्मी म्हणाली, थांब जरा, कुणाला तरी विचार. म्हणून इथं विचारते आहे.

माझ्या वयाच्या मुलीला काम देणं खरंच बेकायदेशीर आहे का? नसेल तर कुठं विचारू? आणि पगाराचं आपण बोलायचं की ते देतील ते घ्यायचं? मम्मीची अट एकच, अंधार पडायच्या आत घरी.

पहाटेची लाइन:
पोरी, तुझं कौतुक वाटलं. आम्ही शाळेत असताना पेपर टाकायचो. पहाटे स्टँडवर गठ्ठे उतरले की आधी पुरवण्या भरायच्या, मग आपापली लाइन घेऊन सायकलवर निघायचं. साडेसातला घरी, अंघोळ करून शाळेत. कुणी वय विचारलं नाही, कुणावर केस झाली नाही. आता मुलींनीही टाकावेत, त्यात काय. आमच्या पेपरवाल्याला आजही पोरं मिळत नाहीत, कारण पोरं नऊला उठतात. पहाटे उठायची तयारी असेल तर कुठल्याही विक्रेत्याकडे जा, दुसऱ्या दिवशी लाइन मिळेल. कायदेबियदे बघत बसलीस तर सुट्टी संपेल.

वहीवाली काकू:
मलकापूरची, आधी ते साडेसहाशे रुपये भरू नकोस. भरले असशील तर १९३० वर फोन करून तक्रार कर, सायबर फसवणुकीचा नंबर आहे तो. काम देणारा माणूस पैसे देतो, घेत नाही. ओळखपत्र, किट, ट्रेनिंग, अनामत, नाव काहीही असो. आणि त्या नंबरवर आधारचा फोटो पाठवलाच असशील तर घरात आजच सांगून ठेव.

आता मुद्द्याचं. माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. दर वर्षी मे-जूनला मी दोन-तीन मुलं-मुली ठेवते, बहुतेक तुझ्यासारखी दहावी नाहीतर अकरावी झालेली. त्यामुळं हे कायद्याचं मला बघावं लागलं. साडीवाल्यांची भीती खोटी नाही, पण अर्धवट आहे. १९८६ चा कायदा आहे, २०१६ मध्ये बदलला. चौदाच्या आतल्या मुलाला कामावर ठेवता येत नाही. त्याला सूट एवढीच, की शाळा सांभाळून घरच्या धंद्यात हातभार लावता येतो, आणि अटी पाळून कलाकार म्हणून काम करता येतं. ठेवलं तर मालकाला सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा वीस ते पन्नास हजार दंड, नाहीतर दोन्ही. हे आकडे व्यापारी मंडळींनी कधीतरी ऐकलेले असतात आणि अठराच्या आतलं कुणीही दिसलं की त्यांना तेच आठवतं. पण चौदा पूर्ण ते अठरा हा गट कायद्यानं वेगळा काढलाय, किशोरवयीन म्हणून. त्यांना धोक्याची कामं बंद, बाकी काम चालतं. तू त्यात बसतेस.

फक्त तासांचं बंधन आहे, आणि ते मालकानं पाळायचं असलं तरी तुला पाठ हवं. सलग तीन तासांपेक्षा जास्त काम नाही, मग किमान एक तास विश्रांती. विश्रांती धरून दिवसाचे सहा तास. संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत काम नाही. ओव्हरटाइम नाही. एका दिवशी दोन ठिकाणी नाही. आठवड्याला एक सुट्टी. म्हणजे माझ्याकडं दहा ते एक, मग डबा, मग दोन ते चार. तुझ्या मम्मीची अट कायद्यात आधीच बसवलेली आहे बघ.

पहाटेची लाइनवाल्या भाऊंना राग येईल, पण पाचला उठून दुसऱ्याच्या नोकरीत पेपर टाकणं यात बसत नाही. त्यांच्या काळी कुणी विचारलं नाही हे खरंच आहे, आमच्याही घरी तसंच होतं. तरी आज एखाद्या मुलीला पहाटे अंधारात एकटीनं पेपर टाक असं मी सांगणार नाही, कायदा बाजूला ठेवला तरी.

धोक्याची कामं म्हणजे खाणी आणि कारखाने असं लोकांना वाटतं. ज्वालाग्राही आणि स्फोटक पदार्थही त्यात येतात. म्हणून पेट्रोल पंप नको आणि दिवाळीला फटाक्यांचा स्टॉल तर अजिबात नको, शेजारच्या काकांचा असला तरी. लग्नात वाढप्याच्या कामाला पोरं जातात, पैसे रोख मिळतात, जेवण मिळतं, पण रिसेप्शन म्हटलं की रात्रीचे अकरा वाजतात. डिलिव्हरीच्या ॲपवर अठरा पूर्ण लागतात. मोठ्या भावाच्या नावावर खातं काढून स्कूटर फिरवणारे बहाद्दर आहेत आपल्या गावात. पोलिसांनी धरलं तर गाडी ज्याच्या नावावर त्याला किंवा पालकांना पंचवीस हजार दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. एवढं करून मिळणार किती?

मग कुठं विचारायचं? तुझ्या लक्षात आलंय का बघ, तू विचारलेली दोन्ही दुकानं बारमाही आहेत. मोबाइलवाल्याला वर्षभराचा माणूस हवा असतो, दीड महिन्याची मुलगी त्याला शिकवेपर्यंत निघून जाते. तू अशा दुकानात जा ज्याला दीड महिनाच माणूस कमी पडतो. मे मध्यापासून जूनअखेरपर्यंत गर्दी असते ती आमच्याकडं, गणवेशवाल्यांकडं, दप्तर-छत्री-रेनकोटवाल्यांकडं आणि जिथं अकरावी-डिप्लोमाचे ऑनलाइन फॉर्म भरून देतात त्या झेरॉक्सवाल्यांकडं. गणवेश शिवणाऱ्या शिंप्यांकडं काज-बटणाचं आणि तुरपाईचं काम नगावर असतं, ते तू घरी आणूनही करू शकतेस. त्यात हात बसेपर्यंत पैसे कमी पडतात हे मात्र ध्यानात ठेव.

आमच्या दुकानातलं काम सांगते म्हणजे अंदाज येईल. अनुदानित शाळांत आठवीपर्यंतची पुस्तकं मुलांना मोफत मिळतात, त्यामुळं आमची खरी गर्दी वह्यांची, गाइडची, आणि नववीपासून पुढच्या पुस्तकांची. प्रत्येक शाळा यादी देते. दुसरीला दुरेघी दोन, एकरेघी तीन, चौकटी दोन. पाचवीला इंग्रजीची चाररेघी. आठवीला दोनशे पानी सहा, भूमितीची निराळी, प्रयोगवही, नकाशावही. यादीप्रमाणं संच बांधून ठेवायचे, वर शाळा आणि इयत्तेची चिठ्ठी लावायची. आई-बाप स्कूटर चालू ठेवूनच उभे असतात, त्यांना संच हातात हवा असतो. शिवाय कव्हरं घालायचं काम. घरी आता कुणाला वेळ नाही, लोक वह्या इथंच खाकी कव्हर घालून नेतात, नगाला पैसे देऊन. या कामाला पदवीधर पोरगा ठेवला तर तो एकरेघी आणि दुरेघीत गोंधळतो. दहावी झालेल्या मुलीला विज्ञानाचे भाग दोन आणि वह्याही दोन लागतात हे सांगावं लागत नाही, ती नुकतीच त्यातून बाहेर पडलेली असते. तुझी ही जमेची बाजू आहे, ती दुकानदाराला बोलून दाखव.

विचारायची पद्धत. संध्याकाळी गर्दीत जाऊ नकोस. सकाळी साडेदहा-अकराला, पूजा होऊन गिऱ्हाईक सुरू व्हायच्या मधल्या वेळात जा. "काही काम आहे का" असं विचारलंस की तोंडातून नाहीच निघतं, कारण काही म्हणजे काय याचा विचार मालकानं करायचा असतो. "पंधरा मे ते शाळा सुरू होऊन आठवडा होईपर्यंत, दहा ते चार, संच बांधायला आणि चिठ्ठ्या लिहायला येऊ का, वय साडेपंधरा आहे, दाखला आणलाय" असं एका दमात सांग. पहिल्या दिवशी मम्मीला बरोबर ने. तिनं बोलायचं नाही, नुसतं उभं राहायचं. घरच्यांना माहीत आहे हे दिसलं की आमचा जीव भांड्यात पडतो. बोनाफाइड नाहीतर जन्माच्या दाखल्याची झेरॉक्स दे. आधारची मागितली तर त्यावर "फक्त कामाच्या नोंदीसाठी" असं लिहून तारीख टाकून सही कर. आम्हाला रजिस्टरमध्ये किशोरवयीन कामगाराचं नाव, जन्मतारीख, कामाची वेळ आणि विश्रांती लिहावी लागते, आणि निरीक्षकाला कळवावं लागतं. बरेच दुकानदार हे करत नाहीत. रजिस्टरचं नाव काढल्यावर जो चिडेल त्याच्याकडं जाऊ नकोस.

पगार तू बोलायचा, पहिल्याच दिवशी. "बघू, तू काम तर कर" हे उत्तर नव्हे. मी तासाला पासष्ट देते, पाच तासांचे सव्वातीनशे, दर शनिवारी. लहान आहे म्हणून अर्धा पगार, ही पद्धत मला पटत नाही. गठ्ठा उचलायला निम्मा लावते का मी? जाऊ दे, तो वेगळा विषय. तू तास, रोज आणि पैसे कुठल्या वारी मिळणार हे तिन्ही विचार, आणि घरी वहीत रोजची हजेरी लिहून ठेव. महिन्यानं वाद झाला तर तीच उपयोगी पडते.

पहाटेची लाइन:
काकू, राग नाही. पण कायदा करणाऱ्यांनी शाळकरी पोरांचं एकुलतं एक जमणारं काम काढून घेतलं असं माझं मत आहे. शाळा अकराची, काम पहाटेचं, यापेक्षा सोयीचं काय होतं? दुकानात दहा ते चार सुट्टीत जमेल, शाळा सुरू झाल्यावर कसं जमणार? असो. एक सुचवतो. पेपरवाल्यांना महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बिलं गोळा करायला माणूस लागतो. ते दिवसाचं काम आहे, सकाळी नऊ ते बारा. बिल फाडून द्यायचं, पैसे घ्यायचे, संध्याकाळच्या आत हिशेब. आमच्याकडे वसुलीवर टक्के देतात. शाळा सुरू झाल्यावरही रविवारी होतं.

वहीवाली काकू:
हे चांगलं सुचवलंत भाऊ. फक्त ओळखीच्या कॉलनीत, आणि कुणी आत बोलावलं तरी दारातूनच पैसे घ्यायचे. दुपारी दारं बंद असतात तेव्हा जाऊच नये.

गच्चीवरची वाळवणं:
मी वाईची. आमच्या बचत गटाचं उन्हाळ्यात कुरडया, सांडगे, पापडांचं काम असतं, एप्रिल-मे दोन महिने जोरात. पापड लाटायला किलोवर पैसे. तुमच्या मम्मी एखाद्या गटात असतील तर त्यांच्याबरोबर जाऊन बसता येईल. ऊन उतरायच्या आत काम संपतं, कारण वाळवणाला ऊन हवं. कुरडईचा चीक घोटायला मात्र मोठ्या बायकाच घ्या, उकळता असतो, पोरींचे हात भाजतात.

एक सांगावंसं वाटतं. घरातल्या किंवा नात्यातल्या कामाचे पैसे मुलींना मिळत नाहीत, "आपलंच तर आहे" म्हणतात. माझ्या पुतणीनं दोन उन्हाळे लाटलं, पैसे तिच्या आईच्या नावावर जमा झाले आणि घरात विरघळले. तिसऱ्या वर्षी मी तिचं नाव वहीत वेगळं लिहायला लावलं. किती किलो लाटले ते तिच्यासमोर वजन करून लिहायचं. मुलगी एकदम सरळ बसून लाटायला लागली.

पासबुक:
पैसे ठेवायचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो, बँकेत नोकरी केली आहे. दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलांना बचत खातं स्वतः उघडून स्वतः चालवता येतं. रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०२५ मध्ये याबद्दल नव्यानं परिपत्रक काढलं. किती रक्कम ठेवता येईल, एटीएम कार्ड द्यायचं का, हे ज्या त्या बँकेनं ठरवायचं असतं, त्यामुळे दोन शाखांत दोन उत्तरं मिळतील. पोस्टातही दहा वर्षांपुढच्या मुलाचं खातं त्याच्या स्वतःच्या नावावर निघतं, पाचशे रुपयांत. शाळेत असताना शिष्यवृत्तीसाठी खातं काढलं असेल तर ते बहुधा पालकांबरोबरचं असतं, पासबुकावर बघा. अठरा झाल्यावर नव्यानं सही आणि कागद द्यावे लागतात. दुकानदार ऑनलाइन पैसे पाठवतो म्हणाला तर स्वतःच्या खात्यावर घ्या, मैत्रिणीच्या मोबाइलवर नको. त्यावरून झालेली भांडणं मी काउंटरवर पुष्कळ मिटवली आहेत.

मलकापूरची:
सगळ्यांना खूप धन्यवाद. त्या पेन्सिलवाल्यांना पैसे भरले नव्हते, नंबर ब्लॉक केला.

मम्मीला घेऊन दत्त चौकाच्या बाजूच्या दुकानांत गेले. पहिल्या दोघांनी माणूस आहे म्हणून सांगितलं. तिसरं दुकान गणवेशांचं आहे. काकूंनी सांगितलं तसं एका दमात बोलले तर ते हसले आणि म्हणाले, आधी एक शर्ट घडी घालून दाखव. मी घातली. मग माप घेता येतं का विचारलं. मी नाही म्हणाले. ते म्हणाले, शिकशील, अठरा मेपासून ये. तासाला साठ. मी पगाराचा वार विचारला तर त्यांनी मम्मीकडे बघितलं, पण सांगितला, रविवारी. सुट्टी सोमवारी.

आता दोन शंका. ते म्हणतात, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात गर्दी असते तेव्हा आठपर्यंत थांब, वरचे पैसे वेगळे देतो. आणि अकरावीचे ऑनलाइन फॉर्म नेमके तेव्हाच असतील. तेव्हा सुट्टी मागायची का? नवीन असताना वाईट दिसेल का?

वहीवाली काकू:
शाब्बास. साठ ठीक आहे, गणवेशाच्या दुकानात बसायला मिळतं त्याचे पाच रुपये गेले समज.

आठपर्यंत थांबायचं नाही. सातनंतरही नाही आणि ओव्हरटाइमही नाही, दोन्ही बाजूंनी ते बसत नाही. पण "कायद्यात नाही" असं तोंडावर म्हणू नकोस, माणूस बरा वाटतोय. "घरून परवानगी नाही, पण हवं तर गर्दीचे दिवस दहाच्या ऐवजी अकराला येते, म्हणजे संध्याकाळी पाचपर्यंत असेन" असं सांग. त्यांना खरी माणसाची गरज संध्याकाळकडं असते, तो एक तास त्यांच्या कामाचा आहे. तरीही आठच म्हणाले तर मम्मीला बोलू दे.

फॉर्मचं आजच सांग, जूनमध्ये नको. आता अकरावीचा प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइनच झालाय, त्यामुळं तो टळणारा नाही हे त्यांनाही माहीत आहे, त्यांच्याकडं गणवेश घ्यायला येणारे तेच पालक आहेत. निकालाचा दिवस, पसंतीक्रम भरायचा दिवस आणि यादी लागल्यावर कागद द्यायचा दिवस, एवढ्या सुट्ट्या बिनपगारी चालतील असं सांग. तारखा जाहीर झाल्या की कागदावर लिहून त्यांच्या गल्ल्यापाशी चिकटव. पसंतीक्रम मात्र घाईत दुकानात बसून मोबाइलवर भरू नकोस, घरी दादाला शेजारी बसवून भर.

आणि माप घ्यायला शिकवतील तेव्हा नीट शिक. छाती, खांदा, उंची, बाही, आणि वाढीला किती सोडायचं. आमच्या शेजारच्या गणवेशवाल्याकडं मापं बरोबर घेणारी मुलगी दिवाळीच्या सुट्टीतही बोलावून नेतात.

मलकापूरची:
सांगितलं. अकरा ते पाच चालेल म्हणाले. सुट्ट्यांबद्दल म्हणाले, "माझ्या मुलीचाही फॉर्म त्याच दिवशी भरायचाय, दुकान मलाच उघडायला उशीर होईल."